निधान

मुगळी कॅप्टन फारसं बोलत नाहीत.
सांब्र्याहून उठून चार हजार फुटांवर आलो की
मांडीवरचा नकाशा उलगडतात
आणि थ्रॉटलच्या दोन्ही दांड्यांवर पसरतात,
ताटावर माशा बसू नयेत म्हणून फडकं टाकावं तसा.
त्याच्याखाली त्यांचा हात.
कुठली दांडी मागे गेली, मला दिसत नाही.

नाक वळतं.
आधी थोडं, संकोचून,
मग उघडच डावीकडे,
बाळेकुंद्रीच्या उसातून कुणी नाव घेऊन हाक मारावी तसं.
विमान नेहमी मेलेल्याकडेच वळतं,
हे पुस्तकात होतं. पोटात कळलं ते आज.

"यावदु?"
कुठलं, विचारतायत.
माझी जीभ पायाच्या आधी धावते:
"डावं, सर."
"निधान."

हा एकच शब्द त्यांचा, दिवसातून चाळीसदा.
आमच्या मराठीत निधान म्हणजे पुरून ठेवलेलं धन,
त्यांच्या कन्नडमध्ये नुसतं, हळू.
मी दोन्ही अर्थ घेऊन बसलेय
पाच पट्ट्यांनी बांधलेली.

पाठ केलेलं आठवते:
जो पाय रिकामा, ते इंजिन मेलं.
उजवा पाय रेटून रेटून थरथरतोय, पोटरीत गोळा.
डावा नुसता पेडलवर टेकलाय,
लग्नघरातल्या बिनकामाच्या पाहुण्यासारखा.
म्हणजे डावंच.
तरीही लगेच बंद करायचं नाही.

वडगावला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माग होते.
बाबा आत जेवत असले तरी
एक थांबला की घास हातात धरून सांगायचे, "खिडकीकडचा."
कधी चुकले नाहीत. एकदा चुकले.
लाइट मिणमिणत होती, ऑर्डर उद्याची होती,
धागा तुटल्याचा आवाज आला आणि ते धावले,
अंधारात बटण दाबलं
ते चालत्या मागाचं.
एवढी शांतता आमच्या घरात आधी कधीच नव्हती.
स्टुलावर बसून पंज्याकडे बघत म्हणाले,
"चालत्यालाच हात गेला की गं."

म्हणून ही दांडी मी
इंचभर मागे घेते, फक्त डावी.
आणि वाट बघते.
पायाखाली काही बदलत नाही.
नाक तिथंच. आवाज तोच.
काही न बदलणं, हेच उत्तर.
आता म्हणायचं, पात्यांची धार वाऱ्याकडे वळव,
मेलेलं निदान आडवं येऊ नये.
म्हणायचं फक्त, बोट लावून दाखवायचं,
सरावात कुणी खरोखर मारत नाही.

मग जित्या बाजूला जरासं झुकणं,
तीन अंश, पाचाच्या वर नाही.
वेगाचा काटा निळ्या रेघेवर.
चढ मिळत नाही. मिनिटाला पन्नास फूट कमी होतायत.
ते मान्य करून उडायचं असतं,
हे कुणी पुस्तकात लिहीत नाही.

डाव्या पंखाखाली दूरवर वडगावचे पत्रे चमकतात.
त्यातला आमचा कुठला, ओळखता येत नाही.
नकाशावर तर गावांची नावंच नाहीत,
नुसत्या उंच्या, आणि एक तुटक रेघ
जी खिडकीतून कितीही बघितली
तरी शेतात सापडत नाही.

कॅप्टन फडकं उचलतात. म्हणजे नकाशा.
दोन्ही दांड्या शेजारी शेजारी, काही झालंच नाही अशा.
खाली उतरल्यावर माझ्या वहीत लिहितात:
डावं. बरोबर. घाई.

बसवन कुडचीच्या फाट्यावर सिग्नल लागला
तेव्हा स्कूटीवर माझा उजवा पाय
अजून काहीतरी दाबत होता.
घरी बाबांनी विचारलं, जेवलीस?
मी म्हटलं, थांबा,
आणि खरंच जरा थांबून बघितलं,
भूक होती का.